सफारी : तहाच्या गावातून

सफारी म्हटले की आमच्या पिढीला आधी कापड आठवते. १९८०च्या आसपास लग्नात मास्तर मंडळींना आहेर म्हणून बिस्किटी नाहीतर राखी रंगाचे सफारीचे कापड यायचे. अर्ध्या बाहीचा, चार खिशांचा शर्ट आणि त्याच कापडाची पँट. माझ्याकडे असे दोन जोड होते. शाळा तपासणीला साहेब येणार असले की आमची अर्धी स्टाफरूम सफारीत असायची. तो वेष आफ्रिकेत शिकार करणाऱ्या गोऱ्या लोकांचा आहे, चार खिसे काडतुसांसाठी आहेत, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? आमच्या खिशांत खडू, पेन आणि सुपारीची डबी.

त्यामुळे दिवाळीत पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी आपण सगळे सफारीला जाऊ," तेव्हा सौ. पटकन म्हणाली, "आता कुठे शिवायला टाकता? ढिगाने पडलेत पँट-शर्ट!" घरभर हशा झाला. मग नातीने मोबाईलवर मसाई माराची चित्रे दाखवली आणि माझ्या दोनशे पानी वहीत एक नवे प्रकरण सुरू झाले.

मी जुन्या वळणाचा माणूस. प्रवास ठरला की वही घालतो. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर शंका. केनियाला कधी जायचे? जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट टांझानियाच्या सेरेंगेटीतून माराकडे येतात, मगरींनी भरलेली नदी ओलांडतात. सगळ्या जगाला तेच पाहायचे असते. पण मसाई माराचे प्रवेशशुल्क २०२४पासून परदेशी माणसाला जानेवारी ते जून रोज शंभर डॉलर, आणि जुलै ते डिसेंबर रोज दोनशे. आम्ही माणसे पाच. मास्तरकीच्या पेन्शनीत वाढलेल्या मनाला हा गुणाकार करवत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही फक्त शंकांचे पान सांभाळा."

तर शंका. नैरोबीहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलोच सामान नेता येते, तेही मऊ पिशवीत. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणजे जवसाची चटणी स्टीलच्या डब्यातून न्यावी लागणार. (शाकाहाराची काळजी नको. नैरोबीत गुजराती मंडळी इतकी आहेत की डाळभात मिळतोच, असे जाऊन आलेले सांगतात.) सगळ्यात मोठी शंका पीतज्वराच्या लशीची. हा ताप आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा डास मात्र आहे. म्हणून केनियाहून परत येणाऱ्याकडे लशीचा दाखला नसला तर आपले सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. लस एकदा घेतली की जन्मभर चालते. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्याला तिचा त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त. माझे वय चौऱ्याहत्तर. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "घ्याच असेही म्हणत नाही, घेऊ नका असेही म्हणत नाही. विचार करा." डॉक्टरने विचार करा म्हटले की माणूस दुसरे काहीच करत नाही.

या विचाराच्या दिवसांत मी वाचत सुटलो. इतिहासाचा मास्तर प्रवासाला निघायच्या आधीच पोहोचलेला असतो.

पहिला आनंद शब्दांचा. सफारी हा शब्द स्वाहिली भाषेतला आणि त्याचा अर्थ फक्त प्रवास. तो अरबीतल्या 'सफर'वरून आला. आपली सफरही तीच! एकाच आजोळची ही दोन भावंडे, एक इराणमार्गे आपल्याकडे आले आणि दुसरे अरबी गलबतांतून झांजिबारकडे गेले. मग छंदच लागला. स्वाहिलीत पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबु आणि सरकारला सेरिकाली म्हणतात. 'हबारी?' असे विचारतात ते क्षेमकुशल, म्हणजे आपली खबर. नातीला म्हटले, आजोबांना अर्धी भाषा आधीच येते. ती म्हणाली, "मग चहा?" चहाला चाय! इथून तिथून एकच.

हे शब्द नुसते व्यापाऱ्यांबरोबर गेले असे नाही. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे घातली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले, बहुतेक पंजाब-गुजरातकडचे. त्यांतले जवळजवळ अडीच हजार तिकडेच मेले. १८९८मध्ये त्सावो नदीच्या पुलाजवळ दोन सिंहांनी महिनोन् महिने धुमाकूळ घातला. रेल्वेच्या नोंदीप्रमाणे अठ्ठावीस हिंदी मजूर त्यांनी खाल्ले. पुलाचा इंजिनिअर पॅटरसन याने डिसेंबरात दोन्ही मारले, पुढे पुस्तक लिहून नाव कमावले आणि १९२४मध्ये कातडी शिकागोच्या संग्रहालयाला विकली. माझ्या पुतण्याने ते पेंढा भरलेले सिंह पाहिले आहेत. सिंहांना काचेची पेटी मिळाली. मजुरांपैकी एकाचे तरी नाव तिथे दिसले का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, काका, तेव्हा बघायचे सुचले नाही. मलाही सुचले नसते. आमच्या अंजनगावावरून शकुंतला धावायची, मूर्तिजापूर ते अचलपूर. मी तिने शेकडो वेळा गेलो असेन. तिचे रूळ कोणी टाकले हे मीही कधी विचारले नाही.

रेल्वे झाली आणि तिच्या मागोमाग शिकारी आले. अमेरिकेचे थिओडोर रूझवेल्ट अध्यक्षपदावरून उतरल्याबरोबर १९०९मध्ये मोंबासाला उतरले. बरोबर मुलगा, शास्त्रज्ञ, सुमारे अडीचशे हमाल आणि कातडी खारवायला चार टन मीठ. एका हमालाच्या डोक्यावरचे ओझे साधारण साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो. (आणि मी पंधरा किलोच्या पिशवीची चिंता करतो आहे, तीही विमान उचलणार!) बापलेकांनी मिळून पाचशेवर जनावरे मारली. सगळी संग्रहालयासाठी, असे म्हणत. त्या वेळी त्या मुलखात चलन होते रुपयाचे. १९२०पर्यंत होते. म्हणजे सफारीचा हिशेब रुपयांत मांडला जात असे. केनियाने शिकारीवर पूर्ण बंदी घातली ती १९७७ साली. बंदूक गेली, कॅमेरा आला, नाव तेच राहिले.

इथपर्यंत माझे वाचन मजेत चालले होते. मग डिसेंबरात एक जुना विद्यार्थी भेटायला आला.

त्याचे नाव लिहीत नाही. कोरकू मुलगा. मेळघाटातल्या बोरी, कोहा, कुंड या तीन गावांपैकी एकाचा. अंजनगावला वसतिगृहात राहून शिकला. घरी कोरकू बोलायचा. ती भाषा मराठीच्या कुळातली नव्हे, संथाली-मुंडारीच्या कुळातली. वर्गात मराठी आणि मधल्या सुटीत वऱ्हाडी अशी त्याची तीन भाषांत ओढाताण. आता चाळिशीला आला आहे. अकोटकडे थोडी शेती आहे, पऱ्हाटी लावतो. वर्षाकाठी एकदा येतो, बोरे नाहीतर ओला हरभरा घेऊन.

टेबलावर सिंहांची चित्रे, नकाशा, वही असा पसारा पडलेला. मी उत्साहाने सगळे सांगितले. त्याने नकाशा नीट पाहिला आणि विचारले, "सर, तिथंई गावं उठोले का?"

मी म्हटले, वाचून सांगतो. पण त्याने तो प्रश्न विचारला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्याला कारण आहे.

वर्ष २००१. ऑक्टोबरातला वन्यजीव सप्ताह. मी नववीला निबंध दिला होता, 'वाघ वाचवा'. मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्रप्रकल्प. १९७३मध्ये देशात योजना सुरू झाली, पहिल्या नऊ प्रकल्पांत आमचे नाव आणि २२ फेब्रुवारी १९७४ ही घोषणेची तारीख. हे मी मुलांना अभिमानाने सांगत असे. सगळ्यांनी दोन-दोन पाने लिहिली. या मुलाने तीन ओळी लिहिल्या. वाघ वाचला पाहिजे, आमचे गाव उठणार आहे, आजी म्हणते मी येणार नाही. मी लाल शाईने शेरा मारला, 'विषयाला धरून नाही', आणि दहापैकी तीन गुण दिले.

पुढच्या एक-दोन वर्षांत ती तिन्ही गावे खाली उतरली. मेळघाटातली ही पहिली उठलेली गावे. तो शेरा त्याला आठवतो की नाही, मला माहीत नाही. मला आठवतो.

म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी मन लावून शोधले. मिळाले ते असे.

रेल्वे झाल्यावर इंग्रजांना तिच्या दोन्ही अंगांची सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना द्यायची होती. तिथे मसाई गुरे चारत होते. १९०४मध्ये त्यांच्याशी करार झाला. मसाईंचा मुख्य पुरोहित लेनाना आणि इतर प्रमुखांनी अंगठे उठवले. रेल्वेपासून दूर दोन राखीव मुलखांत आम्ही जातो, उत्तरेला लायकिपिया आणि दुसरा दक्षिणेला, असा त्याचा मतलब. मसाई जमात जगात आहे तोवर हा करार टिकेल असेही त्यात होते. तो सात वर्षे टिकला. १९११ला दुसरा करार झाला. उत्तरेचे मसाई गुराढोरांसकट, बायकापोरांसकट दक्षिणेकडे हाकलले गेले. आजचे मसाई मारा त्याच दक्षिणेच्या मुलखात आहे. १९१३ला काही मसाई कोर्टात गेले. मोंबासाच्या न्यायालयाने सांगितले की हा दोन सत्तांमधला तह आहे, साधा करारनामा नव्हे, त्यामुळे आम्हाला त्यात हात घालता येत नाही. ज्यांच्याजवळ आपली गुरे कुठे चारायची हे ठरवण्याची सत्ता उरली नव्हती, त्यांना दावा फेटाळण्यापुरते सार्वभौम ठरवले! तीस वर्षे इतिहास शिकवला, पण इतकी चलाखी क्वचित वाचली.

आणि १९०४च्या त्या कागदाच्या सुरुवातीलाच एक शब्दप्रयोग आहे. आम्ही हे स्वेच्छेने ठरवले आहे.

हा शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला. कारण मेळघाटच्या प्रत्येक कागदावर तोच आहे. 'स्वेच्छा पुनर्वसन.'

आता आमच्या गावाकडे येतो. वाचकांतल्या बाहेरगावच्यांना सांगायला हवे की अंजनगाव सुर्जी हे पानमळ्यांचे आणि पानपिंपळीचे गाव असले तरी इतिहासाच्या पुस्तकात ते एका ओळीपुरते येते, सुर्जी-अंजनगावचा तह, ३० डिसेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला. इंग्रजांकडून सही आर्थर वेलस्लीची, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. त्याआधी २३ सप्टेंबरला असईची लढाई, २९ नोव्हेंबरला आमच्या पश्चिमेला अडगावची आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोनच दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांनी तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. मग वर्ष संपता संपता शिंद्यांचा तह आमच्या गावी. गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेले, अहमदनगर गेले. दरवर्षी मी हा पाठ शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखत असे : काय दिले, काय मिळाले. मुलांना पाठ असायचे. 'तह कुठे झाला?' असे विचारले की अख्खा वर्ग ओरडायचा, "आपल्या गावात!"

देवगावच्या तहात गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आणि त्यांना लागून असलेला चार लाख उत्पन्नाचा मुलूख भोसल्यांकडे राहिला. बाकीचा वऱ्हाड निजामाकडे गेला. १८५३ला निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६०च्या दशकापासून इंग्रजांनी मेळघाटचे सागवान राखीव केले. साहेब लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला येऊन राहू लागले, शिकारी करू लागले. स्वातंत्र्य आले, १९७२चा कायदा आला, प्रकल्प आला. या प्रत्येक टप्प्यावर डोंगर कोणाचा हे कागदावर ठरले. डोंगरात राहणारा कोरकू एकाही कागदाच्या वेळी समोर बसलेला नव्हता. माझ्या फळ्यावर दोनच रकाने होते. तिसरा आखायचे मला कधी सुचले नाही.

वाघाविषयी माझे मत बदललेले नाही, हे सांगून टाकतो. प्रकल्प झाला नसता तर आज मेळघाटात वाघ दिसला नसता आणि बहुधा जंगलही नसते. आमच्या नळाला शहानूर धरणाचे पाणी येते, ते त्या डोंगराचे. जंगल राहिले म्हणून झरे राहिले. हे पाणी पिऊन मी उपदेश करणे बरे नव्हे. पण हिशेब तर मांडायला हवा. २००८पासून उठणाऱ्या कुटुंबाला दहा लाख रुपये ठरले, २०२१मध्ये पंधरा लाख. जानेवारी २०१९मध्ये अकोट तालुक्यात पुनर्वसन झालेले कितीतरी लोक, बायका-मुलांसकट, परत जंगलात गेले. कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत ही त्यांची तक्रार. त्यांची आणि वनखात्याच्या लोकांची मारामारी झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. स्वेच्छेने गेलेला माणूस असा परत येत नाही.

जानेवारीत तो पुन्हा आला तेव्हा मी त्याला मसाईंचा सगळा इतिहास सांगितला. १९०४, १९११, कोर्ट, सगळे. त्याने शांतपणे ऐकले. मला वाटले, रागावेल. तो म्हणाला, "आमच्याकडं त पैसे भेटले सर. मोटरसायकल झाली, बहिणीचं लग्न झालं, मंग सरले." थोड्या वेळाने म्हणाला, "पण पोरगी अकरावीले हाये, अकोटले. वरतं रायलो असतो त नसती शिकली." आणि मग, "माय आजी नाई आली खाली. म्हणजे आली, पण नाई आली."

तेव्हा मी तो निबंध काढला. म्हणजे तोंडून काढला, वही थोडीच आहे. म्हटले, तुला मी तीन गुण दिले होते. तो हसला. म्हणाला, "शुद्धलेखन बी खराब होतं ना सर." सौ.ने आतून चहा आणला म्हणून बरे झाले.

आता मसाईंचे पुढचे सांगतो, कारण आमच्या सहलीचा संबंध तिथे आहे. मारा राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. गेल्या वीसेक वर्षांत तिथल्या जमीनमालकांनी एकत्र येऊन जमिनी सफारीवाल्यांना भाड्याने दिल्या आहेत. गाव उठवायचे नाही, मालकी सोडायची नाही, जमीन वन्यप्राण्यांसाठी मोकळी ठेवायची आणि कुटुंबाला ठरलेले भाडे घ्यायचे. गुरे कुठे, केव्हा चारायची यावर बंधने येतात आणि त्यावरून कुरबुरी होतात, म्हणजे तोही स्वर्ग नव्हे. राहायला मात्र असा तंबू महाग. मुलाने आधी राखीव क्षेत्राच्या फाटकाबाहेरचे स्वस्त हॉटेल पाहिले होते. मी पहिल्यांदाच खर्चाच्या पानात हात घातला आणि म्हटले, दोन दिवस कमी करू, पण अशा जमिनीवर राहू. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आणि महाग?" मी त्याला कारण फोनवर नीट सांगू शकलो नाही. हे वाचून कळेल.

विद्यार्थ्याला ही भाड्याची व्यवस्था सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा पुढे सरकून बसला. जमीन नावावर कोणाच्या? बाईच्या नावावर असते का? भाडे किती वर्षांचे ठरते? पाहुणे आले नाहीत त्या वर्षी काय? मला अर्धेसुद्धा सांगता आले नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "सर, तुमी जाऊनच रायले त एक इचारजा. भाडं टायमावर भेटते का त्याईले? साहेबाले नोका इचारू. घरच्या बाईले इचारजा."

ते मी वहीत लिहून घेतले आहे, उजव्या पानावर, बॅटरी, बीपीच्या गोळ्या आणि चटणीचा डबा यांच्या खाली. 'बाईला विचारणे' याला स्वाहिलीत काय म्हणतात ते नात शोधून देणार आहे. जूनचा पहिला आठवडा धरला आहे, शुल्क निम्मे असते म्हणून. नदी ओलांडणारे कळप दिसणार नाहीत. लशीचे अजून ठरत नाही. सौ. म्हणते, तुम्ही घेतली तर मी घेईन. शुक्रवारी डॉक्टरांकडे पुन्हा जायचे आहे.